दुपारी दोन ते चार शूटिंग होत नसतं

प्रति,
पत्रकारिता, जनसंज्ञापन आणि माध्यम अभ्यासक्रमांचे विभागप्रमुख,
महाराष्ट्रातली सर्व विद्यापीठं आणि महाविद्यालयं

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या विभागांची पत्रं आमच्याकडे यायला लागतात. मजकूर साधारण एकच असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑन जॉब ट्रेनिंग बंधनकारक आहे, ते चार क्रेडिटचं आहे, एका क्रेडिटला तीस तास म्हणजे एकूण १२० तास, तरी आमच्या विद्यार्थ्याला आपल्याकडे सामावून घ्यावं ही विनंती. खाली सही, शिक्का. सोबत हजेरीचा तक्ता: तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, एकूण तास, सही. 'केलेले काम' असाही एक रकाना असतो, पण त्याची रुंदी इतकी असते की 'एडिटिंग' एवढंच बसतं.

आमचं पुण्यात व्हिडिओचं छोटंसं युनिट आहे. सात माणसं. सामाजिक संस्था, सहकारी संस्था, कारखाने, शाळा यांच्यासाठी माहितीपट, मुलाखती आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ करतो. सिनेमा नाही, सिरियल नाही. तुमच्या बहुतेक मुलांना पुढे अशाच ठिकाणी काम मिळतं, म्हणून हे पत्र लिहितोय. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो: मुलांना आमच्याकडे तुकड्यातुकड्यांत पाठवू नका. एखादं काम सुरू होताना पाठवा आणि ते क्लायंटच्या हातात पडेपर्यंत राहू द्या.

सध्या होतं असं. मुलांची लेक्चर्स सकाळी असतात. ती दीडला सुटतात, दोनला आमच्याकडे येतात, चारला निघतात, कारण पुढे बस, क्लास, पार्ट-टाइम नोकरी असं काही ना काही असतं. दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे. गुणाकार करा, १२० बरोबर येतात. कागदावर यात बोट ठेवायला जागा नाही. अडचण एवढीच की दुपारी दोन ते चार शूटिंग होत नसतं. म्हणजे होतं, पण त्याचा कॉलटाइम, म्हणजे सगळ्यांनी हजर व्हायची वेळ, पहाटे सहाची असते, लोकेशन शहरापासून दीड-दोन तासांवर असतं आणि पॅकअपला, म्हणजे काम संपवून सामान आवरायला, रात्र होते. दोनला ऑफिसात आलेल्या मुलाला तिथे दिसतात हेडफोन लावून बसलेले दोन एडिटर आणि एक बंद पडलेला यूपीएस. मग त्याला काय देणार? सबटायटल्स. नाहीतर थंबनेल.

एका कामाचं उदाहरण देतो. पुरंदर तालुक्यातल्या महिला बचत गटांवर आम्ही एक छोटा माहितीपट करत होतो. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या बायका अंजीर वाळवणं, पॅकिंग, विक्री हे सगळं कसं करतात असा विषय. त्या वेळी आमच्याकडे दोन विद्यार्थी होते. एक मुलगी परीक्षा आटोपून आली होती, सलग पंधरा दिवस, सकाळपासून. दुसरा मुलगा दोन ते चारवाला. दोघंही हुशार. मुलगा तर सॉफ्टवेअरमध्ये तिच्यापेक्षा बराच तयार होता, शॉर्टकट बोटांवर.

मुलगी आमच्याबरोबर शूटला आली. बचत गटाच्या अध्यक्ष काकूंची मुलाखत त्यांच्याच घरी, माजघरात लावली होती. कॅमेरा लागला, लाइट लागला, काकूंच्या पदराआड लेपल माइक लागला. साउंडच्या दादांनी हेडफोन घातले आणि हात वर केला. फ्रिजची घरघर येत होती. आपल्या कानाला ती जाणवत नाही, माइकला जाणवते. दादा म्हणाले, "काकू, अर्धा तास फ्रिज बंद केला तर चालेल का?"

"चालंल की. पण दूध हाय आत, इसरू नका."

दादांनी फ्रिजचं बटण बंद केलं, खिशातून गाडीची किल्ली काढली, फ्रिजचं दार उघडून दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली आणि दार लावलं. मुलगी बघतच राहिली. मग हळूच तिने विचारलं, "दादा, किल्ली आत का?" दादा म्हणाले, "आता फ्रिज उघडल्याशिवाय मला घरी जाता येईल का, सांग बरं."

ध्वनीच्या पेपरात हे कुठे येतं? आणि यावं असंही मी म्हणत नाही. असल्या युक्त्या पुस्तकात घातल्या की त्यांचं 'टीप क्रमांक ७' होतं. पण दुसऱ्याच्या घरात आपण दिवे, वायरी, स्टँड घेऊन घुसतो, त्यांचं दूध नासू नये याची काळजी हा कामाचाच भाग आहे, एवढं तिला त्या अर्ध्या मिनिटात कळलं. पुढच्या घरी कुणी न सांगता तिने आधी विचारलं की लहान बाळ झोपलंय का, मगच स्टँड आत नेले.

मुलाखत संपल्यावर दादांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. रूमटोन. त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. मुलीला व्याख्या पाठ होती, परीक्षेत तिने लिहिली होती. ती कशाला लागते ते चार दिवसांनी एडिटला कळलं. काकूंच्या एका चांगल्या वाक्याच्या मधोमध शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी होती. वाक्याच्या दोन तुकड्यांमधून शिट्टी कापली तर तिथे एकदम पोकळी ऐकू येते, जणू कुणी कान दाबला. त्या भोकात खोलीचीच शांतता भरावी लागते. तिने ती स्वतः शोधली, स्वतः भरली, दोन्ही टोकांना छोटा फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू चढवला-उतरवला. त्यानंतर तिला रूमटोन कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

आता दोन ते चारवाला मुलगा. त्याच्याकडे त्याच फिल्मची सबटायटल्स होती. हल्ली बोललेलं ऐकून सॉफ्टवेअरच मराठी मजकूर काढून देतं, आपण तपासायचं असतं. काकू सांगत होत्या की अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम: खट्टा बहार पावसाळ्यात येतो आणि मीठा बहार उन्हाळ्यात, आणि वाळवायला कुठला बरा. सॉफ्टवेअरने लिहिलं 'खट्टा बाहेर' आणि 'मीठा बाहेर'. मुलाने वाचलं, पुढे गेला. त्याला वाटलं असेल की अंजीर कुठेतरी बाहेर ठेवत असतील. सगळ्या फिल्मभर 'बाहेर' तसंच राहिलं. मुलीने शेवटच्या तपासणीत पहिल्याच मिनिटाला पकडलं, कारण ती त्या बागेत उभी राहिली होती आणि काकूंनी तिला दोन्ही बहारांतला फरक फांदी दाखवून सांगितला होता.

मुलाला मी दोष देत नाही. जे ऐकलं नाही, पाहिलं नाही, ते तपासायला आपण त्याला दिलं होतं. त्याच्या तक्त्यावर १२० तास भरले, तिच्याही. क्रेडिट दोघांनाही चारच.

तुमच्यापैकी एका मॅडमनी मला फोनवर विचारलं होतं की शूटिंग एक-दोन दिवसांचं असतं, मग बाकी दिवस मुलं काय करणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीन ते पाच मिनिटांच्या फिल्मलासुद्धा आधी रेकी असते. त्यात लोकेशनला प्लग किती, खिडकी कुठल्या दिशेला, दुपारी शेजारी पिठाची गिरणी चालू होते का, असलं सगळं बघून यायचं असतं. मग प्रश्नावली, परवानग्या, कॉलशीट (कुणी कुठे, किती वाजता यायचं त्याचा तक्ता). मग शूट. त्यानंतर सगळं फुटेज बघून नोंदी करणं, म्हणजे लॉगिंग. हे सर्वांत कंटाळवाणं आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारं काम. मग रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, त्यावर आमच्यात भांडणं, मग क्लायंटला पाठवणं. क्लायंटकडून बदलांची यादी येते आणि तिच्यात पहिलं वाक्य हमखास 'लोगो थोडा मोठा करा' हे असतं. मग संगीत, रंग, सबटायटल्स, फायनल एक्स्पोर्ट. आठ तासांचा दिवस धरला तर १२० तासांचे पंधरा दिवस होतात. आमच्यासारख्या युनिटचं एक छोटं काम बरोबर तेवढ्यात बसतं. म्हणजे तुमच्या धोरणातला आकडा चुकीचा नाहीच, तो फक्त सलग वापरायला हवा.

शूटच्या दिवशी सुद्धा महत्त्वाच्या गोष्टी पॅकअपनंतर होतात, तेव्हा तुमचा विद्यार्थी बहुधा घरी असतो. हिशेब बघा. आमचा कॅमेरा फोर-केमध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला सुमारे ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास रेकॉर्डिंग, झाले २७० जीबी. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने उतरवायला पाऊण तास. तेवढंच पुन्हा दुसऱ्या डिस्कवर. मग दोन्ही प्रती कॅमेऱ्यातल्या मूळ मेमरी कार्डाशी जुळतात का ते सॉफ्टवेअरने तपासायचं, मधल्या चार-दोन क्लिप उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. हे होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत. रात्री साडेनऊला, दिवसभर उन्हात राबून आल्यावर, कुणीतरी शांत डोक्याने हे करावं लागतं. कॅमेरा फिरवता येणारी मुलं भरपूर भेटतात. हे काम बिनबोभाट करणारा पोरगा मिळाला तर आम्ही त्याला सोडत नाही.

फ्लिकरचंही, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्याचंही, तसंच. मुलं मोबाइलवर ३० फ्रेमने शूट करून आलेली असतात. इथे शाळेच्या वर्गात ट्यूबलाइटखाली कॅमेरा लावला की चित्रात पट्टे सरकायला लागतात आणि त्यांना वाटतं कॅमेरा बिघडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटर एक-पन्नासांशवर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे पूर्ण फेरे बसतात आणि पट्टे जातात. २५ फ्रेमची आपल्याकडची जुनी सवय त्याच ५० हर्ट्झशी जोडलेली आहे. वर्गात हे फळ्यावर लिहून शिकवता येतंच. पण मुख्याध्यापक खुर्चीत बसून घड्याळाकडे बघतायत आणि पट्टे जात नाहीयेत, अशा वेळी जे समजतं त्याची जात वेगळी असते.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि आमच्या धंद्यातले तर फारच आवडीने म्हणतात, की पूर्वी लोक असेच राबून शिकले. खरं आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत शिकले, दामले-फत्तेलाल तिथेच तयार झाले. १९२९ साली त्यांनी आणखी भागीदारांसह प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ला ती पुण्यात आली, आणि आजची एफटीआयआय (चित्रपट आणि दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्था) १९६०पासून प्रभातच्याच जागेत उभी आहे. म्हणजे आपल्याकडची सिनेमाशिक्षणाची सर्वांत नामांकित संस्था हातांनी शिकलेल्या माणसांच्या आवारात भरते. अभिमान वाटावा असंच आहे. मात्र हे उदाहरण मला कोण ऐकवतं, तर ज्याला पोरांना फुकट राबवायचंय तो. 'आम्ही काय पगार घेऊन शिकलो?' असं म्हणत तीन महिने सोशल मीडियासाठी रोजचे दोन रील कापून घ्यायचे आणि शेवटी लेटरहेडवर एक कागद द्यायचा. बाबूरावांकडे माणसं वर्षानुवर्षं राहिली आणि सेट रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे फिरली. रोजचे दोन रील कापणारा पोरगा कॅमेऱ्याच्या जवळपासही जात नाही.

म्हणून ठिकाण मंजूर करण्याआधी तुम्ही चार प्रश्न विचारायला हवेत, आणि खरं सांगायचं तर आम्हाला आजवर ते कुणी विचारलेले नाहीत. प्रवासखर्च आणि जेवण देता का? मानधन देता का? मुलगा कुणाच्या हाताखाली असेल, त्या माणसाचं नाव काय? रात्री पॅकअप झाल्यावर मुलगी घरी कशी जाणार? आम्ही जेवण, प्रवास आणि थोडं मानधन देतो. रक्कम फार नाही. पण ती नसेल तर लांबच्या गावाहून येऊन कॉट बेसिसवर राहणारा मुलगा हे प्रशिक्षण पुरं करूच शकत नाही, मग आमच्याकडे फक्त ज्यांना घरून परवडतं तीच मुलं येतात.

यातच आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल विभाग आणि युनिट दोघंही गप्प बसतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे. तिला पगार मिळतो की नाही याच्याशी संबंध नाही. शूटचं लोकेशन आणि आम्ही दिलेली गाडी हीसुद्धा कायद्याने कामाची जागाच. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर संस्थेत अंतर्गत समिती लागते. आमच्यासारखी सात-आठ माणसांची युनिट्स या अटीत बसत नाहीत, आणि महाराष्ट्रात व्हिडिओचं पुष्कळ काम असल्याच युनिट्समध्ये होतं. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तिकडेच. तुमच्या हजेरीच्या तक्त्याच्या मागच्या पानावर या समितीचा पत्ता आणि विभागातल्या एका मॅडमचा नंबर छापायला खर्च शून्य आहे. मी तो आमच्या दारावर लावलाय. पण मुलीला ते आमच्या दारापाशी पोचण्याआधी माहीत असायला हवं.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. मुलांकडून जो तीस-चाळीस पानी अहवाल घेता, त्यातलं 'संस्थेचा परिचय' हे प्रकरण आमच्या वेबसाइटवरून उचललेलं असतं. आमच्या वेबसाइटवर एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक आहे, ती दरवर्षीच्या अहवालात जशीच्या तशी भेटते. (ती आता मी मुद्दाम दुरुस्त करत नाही.) त्याऐवजी त्या मुलाने केलेली लॉगशीट मागवा. रफ कट आणि फायनल कट शेजारी-शेजारी लावा आणि विचारा, हा शॉट इथून का गेला? क्लायंटने काय बदल सांगितले, त्यातला कुठला पटला नाही? तोंडी परीक्षेत दहा मिनिटांत कळेल की पोरगं कामात होतं की खुर्चीत. आणि विभागातल्या कुणीतरी त्या पंधरा दिवसांत एकदा येऊन जा. शूटवर आलात तर उत्तम, जेवायला बसवू.

यावर मला मिळालेलं उत्तरही इथे लिहितो, म्हणजे एकतर्फी होणार नाही. एका प्राध्यापकांनी सांगितलं की सत्र चालू असताना मुलाला सलग पंधरा दिवस सोडलं तर बाकीच्या विषयांची हजेरी कोसळते, आणि परीक्षेनंतर पाठवलं तर गुण भरायची मुदत निघून जाते. अडचण खरी आहे, ती मुलांची नाही आणि आमचीही नाही. पण वेळापत्रक विभाग करतो. वर्गातल्या सगळ्यांना एकाच पंधरवड्यात बाहेर सोडलं तर कुणाचीच हजेरी कोसळत नाही, कारण त्या पंधरवड्यात लेक्चरच नसतं. शेतकी महाविद्यालयाची मुलं गावात जाऊन राहतात, नर्सिंगच्या मुली वॉर्डात सलग ड्युटी करतात. व्हिडिओ शिकणाऱ्यांना तेवढी सवलत मिळायला हरकत नसावी. ते जमतच नसेल तर निदान शनिवार-रविवार जोडून पूर्ण दिवस द्या आणि शूटच्या तारखेला गैरहजेरी माफ करा. दोन ते चारपेक्षा काहीही बरं.

आणि हो, 'येणं जमणार नाही, पण तेवढी सही द्याल का' असं विचारायला दर वर्षी एखादा मुलगा येतो. मी देत नाही. तो दुसरीकडून आणतो.

येत्या उन्हाळ्यात आमची दोन कामं ठरली आहेत. एक साताऱ्याकडे, एक पुण्यातच, प्रत्येकी साधारण पंधरा दिवसांची. प्रत्येक कामावर एका विद्यार्थ्याला जागा आहे. एडिटिंग येत नसलं तरी चालेल, पहाटे उठता यायला हवं. अर्ज विद्यार्थ्याकडून नको, विभागाकडून यावा, आणि त्यात त्याची लेक्चर्स कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत नाहीत ते स्पष्ट लिहिलेलं असावं. फोन संध्याकाळी सातनंतर करावा.

आपला,
पुण्यातला एक व्हिडिओ एडिटर